मुलांना शिवण शिकवायचंय? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. "ताई, यंदा घेताय ना शिवणाचा वर्ग?" आणि त्यापाठोपाठ ठरलेले प्रश्न. साताऱ्यात घरच्याच बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून गेली बारा वर्षं मी सुटीत मुलांना हातशिवण शिकवते, मोठ्यांना थोडं मशीन. दरवर्षी तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेली बरी. ज्यांना घरीच शिकवायचंय त्यांनीही खुशाल वापरावीत.

कितव्या वर्षी सुरू करावं?

वय नंतर विचारा, आधी बोटं बघा. मूल स्वतःच्या शर्टाची बटणं लावतं का? तांदळातला खडा चिमटीत धरून बाजूला काढतं का? कात्रीने कागद रेघेवरून कापतं का? तिन्ही जमत असेल तर सुई द्यायला हरकत नाही. बहुतेकांचं हे सहा-सातच्या सुमारास जुळून येतं.

त्याआधी, चार-पाच वर्षांच्या मुलाला, जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला पंचने भोकं पाडून द्या आणि बुटाची नाडी ओवायला सांगा. नाडीच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते, तीच त्याची सुई. खालून वर, वरून खाली. धावदोरा म्हणजे हेच, फक्त अजून कुणी त्याला ते नाव सांगितलेलं नसतं. सहाव्या वर्षी स्वेटर जोडायची जाड बोथट सुई, लोकर आणि मॅटीचं कापड. मॅटीची भोकं डोळ्यांना दिसतात, त्यामुळे सुई कुठे घालायची ह्याचा वाद नसतो. सात-आठला खरी, टोकाची सुई. मशीनचं खाली वेगळं लिहिलंय.

आणि वेळ: सहा वर्षांचं मूल वीस मिनिटं बसतं. एकविसाव्या मिनिटाला ते सुई शेजारच्याच्या दंडाजवळ नेऊन बघतं. तेव्हा विसाव्या मिनिटाला सगळं आवरायचं.

इतक्या लहान हातात सुई? टोचली तर?

टोचणारच. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. गंजलेली सुई घरात ठेवूच नका. खोल टोचली किंवा गंजकी होती तर डॉक्टरांना दाखवा, आणि एरवीही मुलाचं लसीचं कार्ड एकदा काढून बघा. दहाव्या वर्षीचा टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा) डोस बऱ्याच घरांत राहून गेलेला असतो.

"मग बोथट सुईच देते ना," असं अनेक आया म्हणतात. मॅटीवर ठीक आहे. पण घट्ट विणीच्या कापडावर बोथट सुई जात नाही, मूल जोर लावतं, आणि जोर लावलेली सुई सटकली की टोकदार सुईपेक्षा जास्त लागतं. धार नसलेल्या विळीवर भाजी चिरताना बोट कापतं तसंच हे.

मला टोचलेल्या सुईपेक्षा हरवलेल्या सुईची धास्ती. वर्ग सुटताना सुया मोजल्याशिवाय कुणी उठत नाही: आठ दिल्या, आठ परत. एक कमी भरली तर सगळे जागच्या जागी बसून राहतात आणि मी स्पीकरमधून काढलेलं जुनं लोहचुंबक सतरंजीवरून फिरवते. मुलांना हा कार्यक्रम इतका आवडतो की एका वर्षी सुई मुद्दाम लपवली जाऊ लागली. तेव्हापासून हरवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सुया ओवून द्यायच्या, असा नियम झालाय. आणि हो, सुई ओठांत धरायची नाही. टेलरकाका धरतात, त्यांना धरू दे.

काय काय विकत आणावं लागेल?

फारसं काही नाही. ऑनलाइन मिळणारे 'किड्स सुईंग किट' घेऊ नका. त्यात फेल्टचे आधीच भोकं पाडलेले तुकडे असतात, मूल एका दुपारीत संपवतं आणि शिवण शिकत नाही.

भरतकामाच्या सुयांचं एक पाकीट घ्या. त्यांचं नेढं, म्हणजे दोरा ओवायचं भोक, लांबट असतं, ओवायला सोपं. नंबर ५ ते ७ मधली सुई लहान हातांना बरी पडते. इथे एक गंमत आहे, आणि दुकानदारही कधी कधी चुकतो: हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचा नंबर वाढला की जाड होते. त्यामुळे मशीनच्या सवयीने "लहान नंबर द्या, बारीक लागेल" म्हणून हातसुई आणली की दाभणासारखी सुई घरी येते.

दोरा सुती घ्या. चकचकीत रेशमी दोरा मुलांना भुलवतो, पण गाठ सुटते आणि दर दोन टाक्यांना गुंता होतो. भरतकामाची लडी आणलीत तर तिच्यात सहा पदर असतात, त्यातले दोन किंवा तीन वेगळे काढून वापरायचे. मेणबत्तीचा एक तुकडा जवळ ठेवा. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की अर्धा गुंता तिथेच टळतो.

कात्री पाच इंची, टोक गोल चालेल पण धार हवी. बोथट कात्री कापड कापत नाही, चावते, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. ही कात्री कागदाला लावायची नाही, अगदी बाबांनी मागितली तरी नाही. रंगीत डोक्याच्या टाचण्या, टेप, खडू. अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची टोपी, मी आणायला सांगत नाही, मुलांच्या बोटाच्या मापाचं मिळत नाही आणि मोठं असलं की गळून पडतं. डब्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. प्रत्येक घरात तो असतोच आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात.

कापड कोणतं?

जुनी सुती चादर. ह्याहून चांगलं काही नाही. शंभर धुण्यांनी मऊ झालेली असते, सुई अलगद जाते, आणि बिघडली तर कुणाच्या पोटात दुखत नाही. नवंच घ्यायचं असेल तर मांजरपाट घ्या, पण त्यातली खळ काढल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका. रात्रभर भिजवा, सकाळी चोळून धुवा, वाळवा, इस्त्री फिरवा. कापड आटायचं तेवढं तिथेच आटतं. नाहीतर हौसेने शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आकसून बसते.

टी-शर्टचं कापड ताणतं, जॉर्जेट आणि सॅटिन हातातून निसटतं, जुन्या जीन्सच्या शिवणीत सुई अडकते. ही सगळी पहिल्या वर्षी लांब ठेवा. सगळ्यांना टिकल्यांचं झगमगीत कापडच हवं असतं. त्याचा हातभर तुकडा खिसा लावायला द्या आणि बाकी पिशवी चादरीची करा. फिकट कापडावर गडद दोरा हे मात्र पक्कं. स्वतःचा टाका स्वतःला दिसला पाहिजे.

सुईत दोरा ओवताना रोज रडारड होते. ओवून द्यावा का?

पहिले दोन दिवस द्या, तिसऱ्या दिवसापासून नाही. जो ओवायला शिकत नाही तो कायम आईला हाका मारत शिवतो.

दोऱ्याचं टोक तिरकं कापायचं. दाताने तोडायचं नाही, टोक पिंजारतं. मग दोरा चिमटीत असा धरायचा की टोक जेमतेम मोहरीएवढं बाहेर दिसेल. आता दोरा सुईकडे न्यायचा नाही, सुई दोऱ्यावर आणायची. तरी गेला नाही तर दोऱ्याऐवजी नेढ्याला थुंकीचं बोट लावा. ओलं नेढं दोरा आत ओढून घेतं. हे ऐकून आया नाक मुरडतात, पण चालतं. नाहीतर तारेचा फास असलेली ती पत्र्याची छोटी पट्टी मिळते, ती वापरा.

नेढं हा शब्द मुलांना नवा असतो. एकदा मी तो सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "राजगडावर आहे ते?" सुवेळा माचीवरच्या कड्यातलं आरपार भोक तो ट्रेकला पाहून आला होता. त्यानंतर त्या वर्गात कुणी 'सुईचं होल' म्हटलं नाही.

दोरा केवढा घ्यायचा? बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत, मुलाच्या हाताने मोजून. तुमच्या हाताने मोजलेला त्याला लांब पडतो. सारखं ओवायला नको म्हणून मुलं वावभर दोरा घेतात, आणि मग प्रत्येक टाक्याला हात पार शेजारच्याच्या कानापर्यंत जातो.

आणखी एक. आठ-नऊ वर्षांची एखादी मुलगी बाकी सगळं सफाईने करते आणि ओवताना मात्र दरवेळी नेढ्याच्या बाजूने दोरा जातो, असं दिसलं तर रागावू नका, डोळे तपासून आणा. माझ्याकडच्या दोन मुलींना असाच चष्मा लागला.

आधी कोणता टाका शिकवायचा?

धावदोरा. तोही मोकळ्या कापडावर नाही. पेन्सिलीने रेघ आखा आणि तिच्यावर पाव-पाव इंचाला ठिपके द्या. एका ठिपक्यात सुईचा मासा बुडी मारतो, पुढच्या ठिपक्यात वर येतो. पहिल्या दिवशी प्रत्येक बुडीला सुई पूर्ण ओढून घ्यायची. दोन-तीन टाके एकदम सुईवर घ्यायची सफाई आपोआप येते, घाई केलीत तर टाके उड्या मारतात.

पहिल्या दिवशी हमखास होणारा घोळ म्हणजे दोरा कापडाच्या कडेवरून फिरून येतो. खाली गेलेली सुई खालूनच वर यायला हवी, हे मुलाच्या लक्षात नसतं, ते हात कडेवरून वर आणतं. भरतकामाच्या गोल चौकटीत कापड ताणून दिलं की हा घोळ कमी होतो, कारण कड लांब जाते.

धावदोरा सरळ यायला लागला की उलटी टीप: एक पाऊल मागे, दोन पुढे. इथे मुलांचा हात बसायला आठवडा जातो आणि तेवढा जाऊ द्या, कारण उलटी टीप आली की मूल खरी वस्तू शिवू शकतं. मशीन नव्हतं तेव्हा आपल्या पणज्यांनी चोळ्या ह्याच टाक्याने शिवल्या. त्यानंतर हातशिलाई, म्हणजे काठ दुमडून घातलेला तिरका टाका. साखळी टाका शिवणीत फारसा लागत नाही, पण मधेच चव बदलायला शिकवा. स्वतःचं नाव साखळीने लिहिणं म्हणजे परमानंद.

बटण लावणं मी दुसऱ्याच आठवड्यात घेते. दोन भोकांचं मोठं बटण, आणि बटणावरून आडवी एक काडेपेटीची काडी. टाके काडीच्या वरून घालायचे. चार-पाच टाके झाले की काडी काढायची, बटण वर ओढायचं, आणि बटणाखाली दोऱ्याला तीन वेढे द्यायचे. काजाचं कापड बटणाखाली मावायला जी जागा लागते ती अशी मिळते. काडी निघते आणि बटण हलकंसं डोलतं, तेव्हा दहा वर्षांचा मुलगासुद्धा मान वर करून बघतो, कुणी पाहिलं का.

टाके फारच वेडेवाकडे येतात. मुलगी झोपल्यावर मी नीट करून ठेवू का?

नका. कळकळीने सांगते, नका.

माझ्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा यायचा. त्याने पेन्सिल ठेवायची पिशवी शिवायला घेतली होती. एक बाजू झाली, उरलेली घरी करायला दिली. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडून तो बराच वेळ गप्प बसला. मग बोट ठेवून टाके मोजले आणि म्हणाला, "माझे सतरा होते. हे सव्वीस आहेत." आईने रात्री त्याची कालची बाजू उसवून सुंदर, बारीक, एकसारखी टीप घातली होती. प्रेमानेच घातली होती. त्याने ती पिशवी पुरी केली नाही, आणि त्या सुटीत दुसरं काहीही घरी न्यायला तो तयार झाला नाही.

मूल टाके मोजत असतं, आपल्याला ते दिसत नाही. त्याच्या कापडावर आपला हात नको. दाखवायचं असेल तर आपल्या हातात आपला वेगळा तुकडा घ्या आणि शेजारी बसून त्यावर शिवा. चूक दाखवायची असेल तर आधी विचारा, "हे उसवायचं की राहू दे?" 'राहू दे' म्हणालं तर राहू द्या. पिशवीतून पेन्सिल बाहेर पडायला लागली की ते स्वतः येऊन विचारतं.

मी स्वतः ह्यात शंभरदा चुकले आहे. हात शिवशिवतात. म्हणून वर्गात मी माझी गोधडी मांडीवर घेऊन बसते. हात गुंतलेले राहतात. (गोधडी चार वर्षं झाली, संपत नाही, आणि ती संपावी अशी इच्छाही नाही.)

उसवायला शिकवावं का?

पहिल्या आठवड्यात. उसवणं ही शिक्षा नाही, हे ज्याला लवकर कळतं तो निर्धास्त शिवतो. पण कापडाला हिसडा मारून नाही. दर तिसरा टाका कात्रीच्या टोकाने कापायचा, मग उलट बाजूचा दोरा ओढला की तो सळसळत निघून येतो. जुन्या अभ्र्याची शिवण उसवायला द्या, मुलं तासभर रमतात. आत काय काय दडलंय तेही दिसतं.

मुलगा आहे. त्याचे मित्र चिडवतील का?

चिडवतात, तीनेक दिवस. मग त्यांच्याच क्रिकेटच्या पॅन्टची शिवण उसवते आणि प्रश्न मिटतो.

आमच्या शाळेत मुलींना शिवण आणि मुलांना बागकाम असायचं. कुणी ठरवलं देवाला ठाऊक, कारण गावातला शिंपी तर पुरुषच होता, आणि त्याच्याकडून मापं घेऊनच सगळ्यांचे कपडे व्हायचे. नामदेव महाराजही शिंपीच. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदात मन मापाचा गज होतं, जीभ कातर होते, पुढे सोन्याची सुई येते आणि रुप्याचा दोरा. माझ्या वर्गात यंदा अकरांत पाच मुलगे होते. त्यांना बटवे-बिटवे नकोत हे मात्र खरं. बॅटचं कव्हर, गोट्यांची पिशवी, कुत्र्याची उशी असं काही सुचवा.

मुलगी डावखुरी आहे. काही वेगळं करावं लागेल?

दोनच गोष्टी. तुम्ही उजवे असाल तर शेजारी बसून शिकवू नका, समोरासमोर बसा. आरशात बघावं तसं तिला तुमचं कळेल. उजव्या हाताने शिवणारा उजवीकडून डावीकडे जातो, ती डावीकडून उजवीकडे जाईल. जाऊ द्या. दुसरं, कात्री. नेहमीच्या कात्रीची पाती अशी जोडलेली असतात की डाव्या हातात धरली की कापायची रेघच पात्याआड जाते, आणि हाताच्या जोराने पाती एकमेकांपासून दूर होतात. डावखुऱ्यांची वेगळी कात्री मिळते, तेवढी एक घ्या. मशीनवर काही वेगळं लागत नाही.

पहिली वस्तू कोणती करायला द्यावी?

जी दुसऱ्या दिवशी वापरता येईल ती. भिंतीवर लावायच्या वस्तू मी देत नाही.

माझा क्रम असा आहे. पहिल्यांदा सुयांची वही: कापडाचे दोन चौकोनी तुकडे पुस्तकासारखे मधोमध जोडायचे, आत सुया टोचायच्या. एकच शिवण, अर्ध्या तासात तयार, आणि लगेच उपयोगी. मग कापडाची उशी टाचण्यांसाठी. आमची आजी तिच्यात गळलेले केस भरायची; केसांच्या तेलाने टाचण्या गंजत नाहीत म्हणायची. मुलं हे ऐकून किंचाळतात आणि मग दोघीतिघी घरून केस घेऊन येतात.

तिसरी नाडीची पिशवी. हिच्यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवते, कारण हिच्यात सगळंच येतं. सुलट बाजूला सुलट ठेवून, उलट्या बाजूने शिवायचं आणि मग उलटवायचं, ही कल्पना मुलांच्या डोक्यात सहजी शिरत नाही. चित्राची बाजू आत लपवायची हे त्यांना पटतच नाही. मी मोजा उलटा करून दाखवते. तरी प्रत्येक तुकडीत एक पिशवी अशी होतेच, जिची शिवण बाहेर आणि हत्ती आत. वरचा काठ दुमडून नेफा करायचा, त्याच्या दोन्ही कडा मोकळ्या ठेवायच्या (हे विसरलं की नाडी जाणार कुठून?), आणि नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ओवायची. पिन आत चालत निघते तेव्हा सगळे डोकं जोडून बघत असतात.

त्यानंतर ज्यांचा हात बसलाय त्यांना उशीचा अभ्रा किंवा बाजाराची पिशवी. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली त्या वर्षी मुलांनी इतक्या पिशव्या शिवल्या की शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी दहा मागून घेतल्या. त्यांतल्या दोन बटाट्यांच्या वजनाने तळाशी उसवल्या. मुलांनी तळाला दुहेरी टीप घालायची असते हे त्यांच्याकडून ऐकलं. मी आठवडाभर सांगत होते, ते ऐकू गेलं नव्हतं.

फ्रॉक, कुर्ता वगैरे पहिल्या वर्षी नको. बाहुलीचा परकर चालेल.

मशीनवर कधी बसवायचं?

दहाच्या आसपास, आणि उलटी टीप सरळ यायला लागल्यावर. पायमशीन असेल तर पाय पायडलवर सपाट टेकला पाहिजे, हे पहिलं माप.

पहिला दिवस कापडाशिवाय. चाकाच्या मधली चकती सैल करा, म्हणजे चाक फिरेल पण सुई हलणार नाही. आता फक्त पाय. टाच आणि चवडा आळीपाळीने दाबत चाक आपल्याकडे फिरत राहिलं पाहिजे. उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून मुलाला आधी चाक उलटं गेलेलं ओळखायला आणि तळव्याने थांबवायला शिकवा. काही मुलांना हे पाच मिनिटांत येतं, काहींना तीन दिवस लागतात. झोपाळ्यावर पायाने झोके घेणारी मुलं लवकर शिकतात, असा माझा अनुभव.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याशिवाय, जुन्या सुईने, वहीच्या रेघी कागदावर. रेघेवरून भोकं पाडत जायचं. मग चौकोन: कोपऱ्यावर सुई कागदात खाली ठेवायची, मशीनचा कापड दाबून धरणारा वरचा पाय उचलायचा, कागद वळवायचा, पाय खाली. मग गोल. कागद उजेडासमोर धरला की कुठे हात डगमगला ते दिसतं. कागदाने सुई बोथट होते, त्यामुळे ती नंतर कापडाला नको.

तिसऱ्या दिवशी दोरा. सुती कापडाला १४ नंबरची सुई, मलमलसारख्या तलम कापडाला ११, जाड कापडाला १६. दोरा सुईच्या ज्या बाजूला लांब खाच आहे त्या बाजूने ओवायचा. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं तर सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते: कुठल्यातरी कडीतून ओवायचा राहिलेला असतो, नाहीतर वरचा पाय खाली टाकायलाच विसरलेलं असतं.

मोटर लावलेलं मशीन मुलांना मी देत नाही. पायाचं मशीन पाय थांबला की थांबतं. मोटर घाबरलेल्या मुलाच्या पायाखाली आणखी जोरात पळते. मोटरचंच असेल तर वेग कमीत कमी ठेवायची सोय आहे ना ते बघा, आणि तुम्ही शेजारी हवेतच. बोटं सुईच्या समोर नकोत, दोन्ही बाजूंना. मशीनची सुई बोटात जाऊन तुटली तर तुकडा घरी उपटायला जाऊ नका, सरळ दवाखान्यात न्या.

मशीन सुंदर चालत असताना तेल द्यायला कुणाला आठवत नाही. ज्या दिवशी तेल द्याल त्या दिवशी आधी चिंधीवर टीप मारा, नाहीतर पहिला डाग मुलाच्या पिशवीवर.

ते छोटं, हातात धरायचं किंवा खेळण्यातलं मशीन घेतलं तर?

मी घेतलं होतं, माझ्या भाचीला, वाढदिवसाला. एकाच दोऱ्याची साखळी घालणारं असतं ते, बहुतेक असतात. टोक पक्कं केलं नाही आणि एक दोरा ओढला की अख्खी शिवण उसवते. तिने बाहुलीचा परकर शिवला आणि तो पाहुण्यांसमोर बाहुलीच्या अंगावर सुटला. दुकानदाराने परत घेतलं नाही. त्याच पैशात वाड्यातलं जुनं काळं पायमशीन दुरुस्त होऊन येतं.

"मशीनच्या सुईचं नेढं खाली का असतं?" ह्याचं काय उत्तर देऊ?

हा पालकांचा नाही, मुलांचा प्रश्न, पण पालक तो माझ्याकडे ढकलतात.

हाताची सुई कापडातून आरपार जाते, म्हणून नेढं मागे चालतं. मशीनची सुई वर घट्ट धरलेली असते, ती नुसती टोक खाली नेते आणि परत येते. तेवढ्यात दोरा खाली पोचायला हवा, म्हणून नेढं टोकाशी. सुई वर यायला लागली की खाली दोऱ्याचा छोटा फास राहतो. शटलचा आकडा तो पकडतो आणि बॉबिनभोवती फिरवून आणतो. दोन दोरे एकमेकांत अडकले की झाली टीप. झाकण काढून, हाताने चाक सावकाश फिरवून हे दाखवा. अशी टीप मारणाऱ्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियास हाऊने १८४६ मध्ये घेतलं. त्याच्याही आधी, १८३० मध्ये, थिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने साखळी टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या पॅरिसमधल्या कारखान्यात सैन्याचे गणवेश शिवले जात, आणि पोटावर पाय येईल म्हणून तिथल्या शिंप्यांनी तो मोडून टाकला. मुलं ह्या गोष्टीत नेहमी दोन गट करून भांडतात.

अभ्यासाला काही उपयोग?

खरं सांगू, मी त्यासाठी शिकवत नाही. पण अपूर्णांकांचं काम होतं. शाळेत सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि शिवणात इंच. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत. "बारा इंचांची पिशवी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, तर कापड किती?" हे कागदावर सोडवताना कुरकुरणारा मुलगा कात्री हातात असली की तीनदा मोजतो. माया म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड. कुणीतरी दरवर्षी विचारतंच, त्याला माया का म्हणतात. मी म्हणते, सोडून बघ आणि न सोडता बघ.

उभा धागा, आडवा धागा आणि उरेब (तिरकस दिशा) हेही हातात कापड देऊनच कळतं. सरळ ओढलं तर ताणत नाही, कोपऱ्यांतून तिरकं ओढलं की रबरासारखं ताणतं. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली तीही हेच सांगत होती, काम करत करत शिका. तिथे टकळी होती, आमच्याकडे टेप आहे.

आजी म्हणते, दिवेलागणीनंतर शिवू नये, अंगावर कपडा असताना टाका घालू नये. पाळायचं का?

दोन्ही पाळा. कंदिलाच्या उजेडात हरवलेली सुई सकाळी पायात सापडायची. आणि अंगावरच्या शर्टाला घाईत बटण लावताना मी एकदा शर्ट बनियनला शिवलाय. नवऱ्याला ऑफिसात कळलं.

आम्ही परदेशात आहोत. आजीने व्हिडिओ कॉलवर शिकवलं तर जमेल?

जमतं, फक्त आजीने फोन समोर ठेवू नये. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं आणि मूल गोंधळतं. आजीच्या खांद्यामागे कुणीतरी फोन धरायचा, म्हणजे आजीच्या डोळ्यांना जे दिसतं तेच नातवंडाला दिसेल. धरणाऱ्याचा हात दुखतो. डब्यांची उतरंड रचून त्यावर ठेवा.

वर्गाला येताना काय द्यायचं?

अर्धी जुनी सुती चादर, धुतलेली. पाण्याची बाटली. नावाची चिठ्ठी लावलेली कात्री, कारण सगळ्यांच्या केशरी दांड्याच्या असतात. सुया आणि दोरा माझ्याकडे आहेत. नखं कापून पाठवा, आणि न्यायला याल तेव्हा पाच मिनिटं आधी येऊ नका, सुया मोजायच्या असतात.